तबला गुरूकडे शिकायचा तर: पहिल्या बैठकीपासून पहिल्या साथीपर्यंत

तबल्याचे धडे मोबाइलवर हवे तितके मिळतात. दादरा, केरवा, त्रिताल, एखादा कायदा (विस्तार करत वाजवायची बांधलेली रचना), अगदी तिरकिटची बोटं कशी पडतात तेही. एवढं पाहून शिकलेल्याला चार ठेके (तालांचे ठरलेले मूळ बोल) येतात, घरच्या भजनात बसताही येतं. अडतं ते पुढे. आपला ‘ना’ चाटेवर, म्हणजे कडेच्या पट्टीवर, स्वच्छ वाजतोय की बोट शाईला, मधल्या काळ्या गोलाला, घासतंय, डग्ग्यावर (डाव्या हाताच्या वाद्यावर) मनगट जड पडतंय का, दुगुनीत, म्हणजे दुप्पट गतीत, लय पळतेय का, हे वाजवणाऱ्याला कळत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष हातात अडकलेलं असतं. तिथे दुसरा कान लागतो. गुरूकडे जायचं ते मुख्यतः या कानासाठी. बंदिशी काय, छापील पुस्तकांतही सापडतात.

इथली उदाहरणं तबल्याची आहेत. पखवाज शिकणाऱ्यालाही यातल्या बहुतेक गोष्टी तशाच उपयोगी पडतील.

आधी वाद्य ठरवा, मग कान तयार करा

कीर्तन-भजनाची ओढ असेल तर तबल्याआधी पखवाजाचा विचार करा. आळंदी परिसरात लहान मुलं महाराजांजवळ राहून मृदंग शिकतात, आणि गुरुगृही राहण्याची जुनी रीत आजही कुठे जिवंत पाहायची असेल तर ती तिथे दिसते. लावणी, लोकसंगीत आवडत असेल तर ढोलकीचा हात वेगळा असतो. तबला आला म्हणजे ढोलकी आली असं होत नाही. ढोल-ताशा पथकात गणपतीआधी दोन महिने सराव करून उतरता येतं, पण तो समूहाचा उत्साह आहे. त्या हिशेबाने तबल्याकडे आलात तर पहिल्या महिन्यातच कंटाळाल.

तबला ठरला की गुरू मिळेपर्यंत ऐकायला लागा. अहमदजान थिरकवाँ, अल्लारखा, किशन महाराज, झाकीर हुसेन या तबलावादकांची ध्वनिमुद्रणं सहज मिळतात. सुरुवातीला ती डोक्यावरून जातील. म्हणून आधी मध्यलयीतल्या ख्यालाची एखादी त्रितालातली बंदीश लावा आणि हाताने ताल द्या: पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली (टाळी न देता हात बाजूला). गाणं कुठेही जावो, तुमची सम, म्हणजे पहिली मात्रा, गायकाच्या समेवर पडली पाहिजे. आठवडाभर रोज हे केलंत तर गुरूकडे पहिल्या दिवशी जाताना तुमच्या हातात काही नसेल, पण कानात सोळा मात्रांचा घेर असेल. शिकवणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

गुरू शोधताना

जाहिरातीपेक्षा माणसांना विचारा. गावातली भजनी मंडळी, गाण्याच्या क्लासमधले पेटीवाले, एखाद्या मैफलीत साथ करणारे कलाकार. कार्यक्रम संपल्यावर भेटून ‘माझ्या भागात कुणाकडे जाऊ?’ एवढं विचारायला संकोच नको. कलाकार बहुधा मोकळेपणाने सांगतात.

मग प्रश्न येतो घराण्याचा. दिल्ली, अजराडा, लखनौ, फर्रुखाबाद, बनारस आणि पंजाब ही सहा नावं वारंवार ऐकू येतील. दिल्लीचा बाज, म्हणजे वाजवण्याची शैली, मुख्यतः चाटेवरचा, दोन बोटांचा, बंद. पूरबकडचा, म्हणजे लखनौ-बनारसकडचा, खुला, तळहात आणि शाईचा जास्त वापर करणारा. हे माहीत असावं, पण नवख्याने घराणं पाहून गुरू निवडू नये. महाराष्ट्रात आणि गोव्यात शिकवला जाणारा तबला तसाही बऱ्याच ठिकाणांहून आलेला आहे. तबल्याचे उस्ताद मुनीरखाँसाहेब मुंबईत राहिले. त्यांचे शिष्य थिरकवाँ बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत वाजवत होते. मुनीरखाँचेच भाचे अमीर हुसेनखाँ यांनी मुंबईत असंख्य शिष्य तयार केले. त्यांत गोव्याचे पंढरीनाथ नागेशकर होते आणि नागेशकरांकडे सुरेश तळवलकर शिकले. या एका फांदीतच अनेक बाजांच्या रचना येऊन मिळाल्या आहेत. तेव्हा ‘आपण कुणाकडे शिकलात?’ हे गुरूला आदराने जरूर विचारा, मात्र उत्तरात मोठं नाव आलं नाही म्हणून परत फिरू नका.

पाहायचं ते दुसरंच. शक्य असेल तर त्यांच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला जा. तिथे शिष्य वाजवतात. सगळ्यात तयार शिष्याकडे पाहू नका, तो कुणाकडेही तयार झाला असता. दोन-तीन वर्षं झालेल्या मधल्या मुलांचं ऐका. त्यांचे बोल सुटे ऐकू येतात का? लय धरून ठेवतात का? सगळेच जोरात आणि घाईत वाजवत असतील तर गुरू ऐकून घेत नाहीत, नुसतं देत सुटतात असं समजायला हरकत नाही. मग एखादी शिकवणी नुसती बसून पाहू द्याल का, असं विचारा. शिष्य वाजवत असताना गुरूचं लक्ष फोनमध्ये आहे की हातावर, चूक झाल्यावर ते थांबवतात का, आणि थांबवून तीच चूक स्वतः वाजवून दाखवतात का? चूक हुबेहूब वाजवून दाखवणारा गुरू मिळाला तर सोडू नका.

नामवंत कलाकारच हवा, हाही हट्ट नको. ते वर्षातले कित्येक महिने दौऱ्यावर असतात. पहिली चार-पाच वर्षं त्यांच्या एखाद्या ज्येष्ठ शिष्याकडे आठवड्यातून दोनदा बसणं जास्त उपयोगाचं. लहान गावातले कितीतरी उत्तम शिक्षक मैफलीत कधी दिसत नाहीत.

मुलीला शिकवायचं असेल तर ‘तबला मुलींचा नाही’ म्हणणारे अजूनही भेटतात. आबान मिस्त्री, अनुराधा पाल यांची नावं सांगून विषय संपवावा. शिकवणी उघड्या खोलीत, इतर विद्यार्थी असताना व्हावी आणि पालकांना केव्हाही येऊन बसता यावं, ही अट मुलगा असो वा मुलगी, पहिल्याच भेटीत बोलून घ्या. चांगल्या गुरूला त्यात वावगं वाटत नाही.

पहिली भेट आणि पैशाचं बोलणं

जाताना नारळ किंवा पेढे न्यावेत, वाकून नमस्कार करावा. वाद्याला पाय लागू देऊ नये, कुणाच्या तबल्यावरून ओलांडून जाऊ नये. एवढे रिवाज पाळले की पुरे. बाकीचं तिथे बसून कळतं.

पैशाचं बोलणं आपल्याकडे उगाच अवघड करून ठेवलंय. गुरू विद्या देतात ती अमूल्य वगैरे खरं, पण त्यांनाही घरभाडं आहे. महिन्याची फी किती, आठवड्यात किती शिकवण्या, गुरू दौऱ्यावर असतील तेव्हा काय, हे साधेपणाने विचारावं. काही जुन्या वळणाचे गुरू आकडा सांगत नाहीत, ‘द्याल ते’ म्हणतात. अशा वेळी त्याच गावातल्या इतर शिकवण्यांची फी काढून त्याहून कमी देऊ नये आणि दर महिन्याला ठरलेल्या तारखेला पाकीट द्यावं.

आधी कुठे थोडं शिकला असाल तर ते लपवू नका आणि मिरवूही नका. ‘पूर्वी अमुकांकडे दोन वर्षं होतो’ एवढं सांगून गप्प बसा. नवे गुरू बहुतेक वेळा पुन्हा पहिल्या बोलापासून हात लावायला घेतील. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. वाकडा बसलेला हात सरळ करायला नव्या हातापेक्षा जास्त वेळ लागतो, हे त्यांना माहीत असतं.

वाद्य: गुरूच्या आधी घेऊ नका

बरेच जण आधी दुकानात जातात आणि मग गुरूकडे. क्रम उलटा ठेवा. पहिला महिना-दोन महिने गुरूच्या तबल्यावर हात बसवा आणि खरेदीला त्यांना किंवा त्यांच्या ज्येष्ठ शिष्याला सोबत न्या.

तबला लाकडाचा, शिसवी असेल तर उत्तम. डग्गा पितळेचा किंवा तांब्याचा, आणि जड. हलका डग्गा गुडघ्याशी सरकत राहतो आणि त्याचा घुमारा पोकळ येतो. तोंडाचा व्यास जितका लहान तितका सूर उंच. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला) लावायचा तबला साधारण सव्वापाच ते साडेपाच इंच तोंडाचा असतो आणि शिकायला तोच बरा. भजनी मंडळांत नटबोल्टचे तबले दिसतात. पान्याने पटकन चढवता-उतरवता येतात हे खरं, पण शिकणाऱ्याने वादी (ताणायची चामडी पट्टी) आणि गठ्ठ्यांचाच (तिच्याखालचे लाकडी ठोकळे) घ्यावा, नाहीतर सुरात लावण्याची कला राहूनच जाते. सोबत चुंबळी (तबल्याखालची गोल बैठक), हातोडी, झाकायचे रुमाल आणि पिशवी.

दुकानात प्रत्येक घरावर (कडेभोवतीच्या ठरावीक जागेवर) एकेक करून ‘ना’ वाजवून पाहा. तबल्याला सोळा घरं असतात. सगळीकडे सूर जुळवता येतोय का आणि आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, मागे राहते का, हे महत्त्वाचं. शाईवर बोट फिरवा. ती घट्ट आणि एकसारखी घोटलेली असावी, कडेने उडालेली नको. पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, ही झिजणारी वस्तू आहे. नियमित वाजवणाऱ्याला ती बदलावी लागतेच, म्हणून दुकानाइतकाच जवळपासचा पुडी बसवणारा कारागीर महत्त्वाचा. त्याचा नंबर गुरूंकडून घ्या.

पहिले सहा महिने: बसणं आणि निकास

मांडी घालून ताठ बसायचं. तबला किंचित पुढे कललेला, डग्गा डावीकडे, खांदे सैल. यात विशेष काय असं वाटेल, पण अर्धा तास असं बसून पाहा. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी गुरूंना सांगून खाली उशी घ्यावी. साठीतल्या विद्यार्थ्याने पाय मोडून घेण्यात काही शौर्य नाही.

मग एकेक बोल. ‘ना’ तर्जनीने चाटेवर, अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली. ‘तिं’ त्याच बैठकीतून मैदानावर, म्हणजे चाट आणि शाई यांच्या मधल्या भागावर. ‘ती’, ‘ट’ शाईवर. डावीकडे मनगट डग्ग्यावर टेकवून बोटांनी ‘गे’, आणि पंजा सपाट पाडून ‘क’. ‘ना’ आणि ‘गे’ एकत्र आले की ‘धा’, ‘तिं’ आणि ‘गे’ मिळून ‘धिं’. कागदावर हे पाच मिनिटांत संपतं. हातात उतरायला महिने लागतात, विशेषतः त्या टेकलेल्या अनामिकेमुळे. नवखा एकतर ती दाबून धरतो, म्हणजे आवाज मरतो, किंवा उचलतो, म्हणजे सूर फुटतो.

यामागचं कारण कळलं तर सराव सोपा होतो. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर (मूळ सुराबरोबर उमटणारे इतर सूर) एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ढोलाचा सूर आपल्याला नेमका सांगता येत नाही. तबला-मृदंगाच्या शाईचं वजन ते उपस्वर जुळवून आणतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली यावर लिहून हे दाखवलं होतं. अनामिका जिथे टेकते तिथे काही कंपनं दबतात आणि हवी ती उरतात. म्हणजे ते बोट तिथे शोभेला नाही, सूर निवडायला आहे. गुरू तुमची अनामिका पुन्हा पुन्हा पकडून सरकवतात ते याचसाठी.

या काळात एक वाद हमखास डोकं वर काढतो. मोबाइलवरचा तबलावादक तिरकिट एका तऱ्हेने वाजवतो आणि गुरू दुसऱ्या. दोघेही बरोबर असू शकतात, घराण्यागणिक आणि रचनेगणिक निकास, म्हणजे बोल वाजवण्याची पद्धत, बदलतो. निदान पहिली दोन वर्षं गुरू सांगतील तोच निकास ठेवा. दोन्हीकडून थोडं थोडं घेतलं की हात कुठलाच राहत नाही.

तोंडाने आलं तरच हाताने येतं

पढंत, म्हणजे बोल हाताने ताल देत म्हणणं, हा तबला शिकण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा भाग. बसमध्ये, चालताना, भांडी घासताना करता येतो, शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. झाकीर हुसेन सांगत, की त्यांच्या जन्मानंतर वडिलांनी, म्हणजे अल्लारखांनी, त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले होते. तेवढं भाग्य सगळ्यांचं नसतं, पण रोज दहा मिनिटं पढंत कुणालाही जमते.

बहुतेकांना पहिला मिळतो तो हा कायदा:

धाधा तिट धाधा तीना । ताता तिट धाधा धीना

आधी नुसता वाचा. रेघेआधीच्या भागात डग्गा बोलतोय, ही भरी. दुसरा भाग ‘ताता’ने सुरू होतो, तिथे डग्गा गप्प होतो, ही खाली, आणि ‘धाधा धीना’ला तो परत येतो. मग टाळी देत म्हणा, मग दुगुनीत. तोंड अडखळतंय त्याच जागी हातही अडखळणार, हे ठरलेलं. पुढे गुरू याचा दोहरा (बोल पुन्हा घेऊन केलेला पहिला विस्तार) देतील, नंतर पलटे. पलट्यात बाहेरचा बोल आणायचा नाही, कायद्यातलेच अक्षरगट पुढेमागे करायचे. उदाहरणार्थ:

तिट तिट धाधा तिट धाधा तिट धाधा तीना
तिट तिट ताता तिट धाधा तिट धाधा धीना

पाच-सहा पलटे आले की स्वतः एक रचून गुरूंपुढे म्हणून दाखवा. चुकलं तर ते सांगतील, आणि ‘नियमात बसतं, पण कानाला बरं लागत नाही’ असं म्हणाले तर ते उत्तर वहीत लिहून ठेवा. नियम आणि गोडवा यांतलं अंतर नेमकं तिथून कळायला लागतं.

घरचा रियाज

किती तास, हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. नोकरी किंवा शाळा सांभाळून रोज पाऊण तास नियमाने होत असेल तर रविवारच्या चार तासांपेक्षा तो कामाचा. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या (सलग कठोर रियाजाच्या) कथा ऐकून उत्साहात मनगट धरून बसलेले लोक दिसतात. तो तयार हातांचा प्रकार आहे, तोही गुरूच्या देखरेखीखाली. दुखणं आणि थकणं यांत फरक करा. थकलेला हात रात्रीतून बरा होतो. कोपराकडे किंवा अंगठ्याच्या मुळाशी कळ येत असेल तर थांबा आणि पुढच्या शिकवणीला आधी बैठक तपासून घ्या. बहुधा खांदा वर उचललेला असतो.

पाऊण तास असा वाटता येतो: दहा मिनिटं नुसता ‘ना’ आणि ‘तिरकिट’, अतिशय संथ. वीस मिनिटं चालू कायदा, एकाच लयीत, लेहऱ्याच्या (तालाबरोबर फिरत राहणाऱ्या धुनेच्या) अ‍ॅपवर. पंधरा मिनिटं ठेके. ठेक्यांना शेवटची उरलीसुरली मिनिटं देऊ नका. तबला वाजवणाऱ्याच्या आयुष्यातला मोठा भाग ठेका धरण्यात जातो. झपताल (दहा मात्रांचा ताल) दहा मिनिटं न हलता वाजवणं कायद्यापेक्षा अवघड आहे, करून पाहा. लय वाढवण्याची घाई नको. ज्या लयीत प्रत्येक अक्षर सुटं ऐकू येतं तीच तुमची आजची लय, मग ती मोबाइलवरच्या मुलाच्या निम्मी का असेना.

सोसायटीत राहणाऱ्यांनी शेजाऱ्यांशी वेळ ठरवून घ्यावी. पुडीवर रुमाल टाकून वाजवता येतं, फक्त रोज तसंच करू नका. आवाज दबला की चुकाही दबतात.

वही आणि रेकॉर्डिंग

शिकवणी चालू असताना लिहीत बसू नका. ऐका, म्हणा, वाजवा. घरी पोचल्यावर त्याच दिवशी आठवून लिहा. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांचे आकडे, मात्रेखाली कंस, आणि वर तारीख. आठवलं नाही तेवढी जागा कोरी सोडून पुढच्या वेळी विचारा. ती कोरी जागाच सांगते की तुम्ही कुठे ऐकलं नाहीत.

रेकॉर्डिंग विचारूनच करावं. काही गुरू आनंदाने करू देतात, काहींना ते खपत नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नसतं. रेकॉर्डिंग आहे म्हणून शिष्य शिकवणीत अर्धवट ऐकतो. स्वतःचा रियाज मात्र आठवड्यातून एकदा जरूर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. गुरूंकडून मिळालेली बंदीश त्यांना न विचारता इंटरनेटवर टाकू नये. काही रचना त्यांनाही अटी घालून मिळालेल्या असतात.

दुसऱ्याच्या शिकवणीला बसा

गुरूच्या सहवासाचा खरा फायदा कुठे असेल तर इथे. आपली वेळ संपली की उठून जाऊ नका. परवानगी घेऊन कोपऱ्यात बसा. पुढच्या मुलाला गुरू थांबवतात तेव्हा त्यांच्या आधी तुम्हाला चूक ऐकू आली का, हे पाहा. सुरुवातीला येणार नाही. वर्षभराने दहातली तीन-चार येईल, आणि त्या सुमारास स्वतःच्या हातातली चूकही ऐकू यायला लागते. क्लासला अर्धा तास जाऊन परत येणारा आणि दोन तास बसून राहणारा, यांच्यात तिसऱ्या वर्षी पडणारा फरक माझ्या मते हाताचा कमी आणि या बसण्याचा जास्त असतो.

गुरूंचा कार्यक्रम असेल तर सोबत जा. तबला उचलणं, चुंबळी मांडणं, मध्यंतरात चहा आणणं ही कामं शिष्य करतात. यात कमीपणा नाही, पण मर्यादा आहे: कार्यक्रमाशी संबंधित काम ही सेवा, घरची धुणीभांडी आणि खासगी कामं ही सेवा नव्हे. व्यासपीठामागे बसलात तर गायक तबलावादकाला मानेने काय सांगतो, सूर कसा मागतो, ठेका कुठे बदलायला लावतो, हे दिसतं. समोरून ते दिसत नाही.

सुरात लावणं

हे शिकायला पहिल्या वर्षातच हट्ट धरा. बरेच विद्यार्थी चौथ्या वर्षीही गुरूंनी लावून दिलेला तबला वाजवतात. पेटीवर किंवा तानपुऱ्याच्या अ‍ॅपवर षड्ज धरा. सूर बराच खाली असेल तर हातोडीने गठ्ठे खाली सरकवा, आठही थोडे थोडे. किरकोळ फरक गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या गोफावर) ठोकून काढायचा: वरून ठोकलं की चढतो, खालून ठोकलं की उतरतो. एक घर लावलं की लगेच शेजारच्यावर जाऊ नका, समोरच्यावर जा, मग काटकोनातल्या दोनांवर. फटका गजऱ्यावर पडला पाहिजे, चाटेवर पडला तर पुडी गेली.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, दमट हवेने पुडी सैल पडते आणि सूर उतरतो. उन्हात ठेवून तो चढवण्याचा मोह होतो. थोडी ऊब ठीक, पण कडक उन्हात शाईला तडे जातात. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसून रुमाल झाकून ठेवा. गाडीच्या डिकीत तबला दिवसभर ठेवू नये.

परीक्षा द्याव्यात का?

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा महाराष्ट्रात सर्वत्र होतात: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद प्रथम आणि पूर्ण, त्यापुढे अलंकार. शाळकरी मुलांना दहावीला शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे वाढीव गुणही मिळतात, नियम शाळेत विचारून घ्यावेत. परीक्षेमुळे तालांची नावं, मात्रा, लिपी, थोडा इतिहास पक्का होतो. तोटा एवढाच, की अभ्यासक्रम दर वर्षी नवे ताल मागतो आणि हात मात्र मागच्याच कायद्यावर असतो. दोन परीक्षांमध्ये एखादं वर्ष मोकळं सोडायला गुरू सांगत असतील तर ऐका.

पुढे पूर्णवेळ शिकायचं असेल तर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात गुरुकुल पद्धतीची सांगड घातलेले पदवी अभ्यासक्रम आहेत. केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी गुरूच्या सहीचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, ते शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका.

पहिली साथ

गुरू ‘जा, त्या मुलीच्या गाण्याला बस’ म्हणाले की जा, तयार नाही असं वाटत असलं तरी. स्वतंत्र वादनाची स्वप्नं पाहणाऱ्याला साथ दुय्यम वाटते, पण कान सर्वांत जास्त तिथेच तयार होतो. गायकाला आधी विचारा: पट्टी कोणती, ताल कोणता, लय केवढी. गाणाऱ्या स्त्रियांच्या पट्ट्या अनेकदा काळी चार-पाचच्या आसपास असतात, तुमचा काळी एकचा तबला तिथे चालणार नाही, तेव्हा वाद्याची सोय आधी करा. वाजवताना ठेका स्वच्छ ठेवा. मुखडा (समेवर आणणारा छोटा तुकडा) घ्यायचा मोह झाला तर गायक श्वास घेतो तिथे घ्या. तिहाई (तीनदा घेऊन समेवर येणारा तुकडा) फसली तर गडबडून जाऊ नका, ठेक्यावर परत या आणि पुढची सम नीट गाठा.

गंडाबंधन

गंडा बांधणं म्हणजे गुरूने मनगटावर धागा बांधून शिष्य म्हणून स्वीकारणं. गूळ-चणे दिले जातात, गुरू एखादा बोल देतात, चार कलाकार साक्षीला असतात. पहिल्या वर्षी हा विषय काढायचा नसतो. गुरू स्वतः विचारतात किंवा ज्येष्ठ शिष्यामार्फत सुचवलं जातं. अनेक गुरू आता हा विधी करतच नाहीत आणि तरी उत्तम शिकवतात. गंड्यानंतर दुसऱ्या गुरूकडे जाण्याआधी परवानगी घेण्याची अपेक्षा असते, हे बांधून घेण्यापूर्वी लक्षात असू द्या. विधीसाठी कुणी मोठ्या रकमेची अट घालत असेल तर घरी विचार करतो म्हणून निघावं.

पटेनासं झालं तर

कधी गुरू गाव सोडतात, कधी त्यांना वेळ उरत नाही, कधी वर्ष-दीड वर्ष एकाच कायद्यावर ठेवून कारण सांगत नाहीत. शेवटच्या बाबतीत आधी स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, कारण बरेचदा त्यातच सापडतं. तरीही वाटत असेल तर जाऊन बोला. सोडायचं ठरलं तर शेवटची फी देऊन, नमस्कार करून, सांगून सोडा. कलेचं जग लहान आहे आणि नवे गुरू जुन्यांना ओळखत असण्याची शक्यता फार. मारणं, सतत अपमान करणं, अंगचटीला येणं यांना मात्र परंपरेचं नाव देऊन सोसू नका. तिथून निघायला परवानगी लागत नाही. मूल लहान असेल तर पालकांनी त्याच दिवशी शिकवणी बंद करावी आणि तक्रार करावी.

परदेशातून, ऑनलाइन

दुबई, न्यू जर्सी, लंडनमधली मराठी मुलं आता पडद्यावरून शिकतात. चालतं, पण अडचणी ओळखून. आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे दोघांनी एकत्र वाजवता येत नाही, लेहरा विद्यार्थ्याच्याच बाजूला लावावा लागतो. कॉलमध्ये डग्ग्याचा घुमारा बहुतेक गायब होतो, आणि कॉलचं सॉफ्टवेअर लांबलेली आस गोंगाट समजून कापून टाकतं. म्हणजे गुरूचा कान, ज्यासाठी आपण गेलो, तोच अर्धा बंद. उपाय असे: कॉलच्या सेटिंगमध्ये आवाज ‘स्वच्छ’ करण्याची सोय बंद करा, बाहेरचा मायक्रोफोन लावा, कॅमेरा चेहऱ्यावर न ठेवता उजव्या बाजूने हातावर ठेवा. शिकवणीच्या आदल्या दिवशी कायद्याचं पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठवा, ते गुरू चांगल्या हेडफोनवर ऐकू शकतात. आणि सुट्टीत भारतात याल तेव्हा खरेदी आणि पाहुणे यांच्या आधी गुरूंच्या तारखा ठरवा. लागोपाठ दहा-बारा दिवस त्यांच्यासमोर बसलात तर वर्षभरात वाकडा झालेला हात त्यांना जागेवर आणता येतो. येताना पुडी बदलायचा तबलाही बरोबर आणा.